कानबाईच्या गव्हात माझी मूठ

आमच्याकडे कोणी नव्याने प्रभू येशूकडे आला की त्याच्यापेक्षा चर्चच्या मंडळीलाच जास्त घाई होते. बाप्तिस्म्याचे ओले कपडे वाळत नाहीत तोवर रविवारी त्याला पुढे बोलावतात, हातात माईक देतात आणि म्हणतात, “साक्ष द्या, भाऊ.” म्हणजे प्रभूने तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. बिचारा चाचरत दोन वाक्यं बोलतो. लोक ‘हालेलूया’ म्हणतात. पुढच्या वेळी दोनाची चार होतात. वर्षभरात त्याला कळतं की लोक कुठे हुंकार देतात आणि कुठे डोळे पुसतात. मग लग्नावरातीत कधीमधी घेणारा माणूस साक्षीत रोज दोन क्वार्टर रिचवायला लागतो, आणि साध्या टायफॉइडला डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. सांगणारा लबाड असतो असं मी म्हणणार नाही. मिळालेलं त्याला इतकं मोठं वाटतं की खरी हकीकत त्यापुढे तोकडी पडते, म्हणून तो पदरचं घालत जातो.

पण तो बोलतो कुणापुढे? जे आधीच मानतात त्यांच्यापुढे. त्याची बायको, भाऊ, शेताचा शेजारी, उधारी थकलेला दुकानदार यातलं कोणीच त्या सभेत नसतं. त्यांच्यासमोर पदरचं घालायची सोयही नसते, कारण त्यांनी त्याला पाहिलेला असतो.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या मुलखातल्या माणसाची गोष्ट आहे. कबरींमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा. तो शुद्धीवर येतो आणि येशू नावेत बसत असताना गळ घालतो की मला सोबत न्या. येशूने कितीतरी जणांना ‘माझ्यामागे या’ म्हटलं. याला मात्र नाही म्हटलं. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते त्यांना सांग, एवढंच. मला ही आज्ञा ‘सर्व जगात जा’ या आज्ञेपेक्षा अवघड वाटते. जगात आपल्याला कोणी ओळखत नाही.

माझं गाव तापीकाठी, सारंगखेड्याच्या अलीकडे. घर एकत्र, शेती कापूस-पपईची, आणि गावाच्या फाट्यावर वडिलांनी सुरू केलेलं कृषी केंद्र, जे आता मी चालवतो. माझ्या विश्वासाची कथा माईकवर सांगण्यासारखी नाही. आजार नाही, दारू नाही, स्वप्न नाही. धुळ्याला शिकायला होतो तेव्हा खोलीत नवापूरकडचा एक मावची आदिवासी मुलगा होता. त्याच्या आजोबांपासून घर ख्रिस्ती. रोज झोपण्याआधी तो उशीखालून एक लहानसा नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, काढायचा, पानभर वाचायचा, डोळे मिटायचा आणि दिवा बंद करायचा. मला कधी एक शब्द बोलला नाही. शेवटी मीच विचारलं की रोज काय वाचतोस, तेव्हा त्याने पुस्तकच माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “मत्तयचा पाचवा, सहावा, सातवा वाच. नाही आवडलं तर परत दे.” मी परत दिलं नाही. पण बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचायला मला पुढे बरीच वर्षं लागली, आणि त्या वर्षांत त्याने एकदाही ‘काय ठरवलंस?’ म्हणून विचारलं नाही.

पुढे रेव्हरंड टिळकांबद्दल वाचलं तेव्हा या गोष्टीची मजा वाटली. नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला होता. त्यांचंही मन अडकलं ते मत्तयच्या त्याच तीन अध्यायांत, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात. नाशिककडून राजनांदगावला जाणारी गाडी म्हणजे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करतच जाणार, त्यामुळे या प्रकरणात खानदेशाचाही थोडा हात आहे असं मी मंडळीत गमतीने सांगतो. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईला 1895 च्या फेब्रुवारीत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला 1900 साली. मधली वर्षं काय होती ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय: ताटातूट, नातेवाइकांचे टोमणे, आणि नवऱ्याजवळ परत आल्यावरही न सुटलेलं सोवळं. टिळक कवी होते, वक्ते होते, कीर्तन करायचे. गावंच्या गावं ऐकायला बसायची. आणि घरातलं एक माणूस पाच वर्षं वळलं नाही. वळलं ते स्वतःच्या डोक्याने विचार करून. टिळकांचे अभंग आम्ही रविवारी टाळ-पेटीवर म्हणतो तेव्हा मला त्या पाच वर्षांचं जास्त वाटतं. आणखी एक: ते शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. नाव बदल असा आग्रह मलाही झाला होता. मी हे उदाहरण दिलं आणि विषय संपला.

आता कानबाईचं सांगतो, कारण खानदेशातल्या नव्या ख्रिस्ती माणसाचा खरा पेपर तिथे असतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. घर झाडून-सारवून लख्ख करायचं, नारळाला नथ-डोळे लावून देवी सजवायची, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर. बाहेरगावी गेलेली पोरं, सुरतेला कामाला गेलेले चुलते, सगळे येतात. दिवाळीला न येणारा कानबाईला येतो. आणि या सणाचा गाभा म्हणजे रोट. आमच्या घरात रोटाच्या गव्हाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मोजून घेतात. आजोबांच्या नावाची, चुलत्यांच्या नावाची, पाळण्यातल्या पोराच्याही नावाची. तो रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. म्हणजे रोट खाणं हे देवीपुढचं खाणं तर आहेच, पण ‘हा आपल्यातला’ अशी ती दरवर्षीची नोंदही आहे. ज्याची मूठ नाही तो घरातला नाही.

माझ्या बाप्तिस्म्यानंतर पहिला श्रावण आला. माय ओसरीत सूप घेऊन बसली होती, पुढ्यात गव्हाचं पोतं. एकेक नाव घेत मूठ टाकत होती. माझ्या नावापाशी तिचा हात पोत्यात तसाच राहिला. वर न बघता तिने विचारलं, “तुन्हा नावना गहू मोजू का नको?”

मंडळीतल्या एका भावाने मला आधीच तयार केलं होतं. ठाम नाही म्हण, तीच तुझी साक्ष. पण मायचा तो थांबलेला हात बघून मला कळलं की ती मला देवीबद्दल विचारतच नाहीये. मुलगे किती मोजायचे, एवढंच विचारतेय. मी म्हटलं, “मोज. मी तुझाच आहे. पण रोट मी खाणार नाही, हे आताच सांगतो. ऐनवेळी पंगतीत नको.” ती काही बोलली नाही. मूठ टाकली, आणि जरा मोठीच टाकली. दळण मी नेलं. अंगण मी सारवलं. सुरतेच्या पाहुण्यांना स्टँडवरून मी आणलं. पंगत बसली तेव्हा मी वाढायला उभा राहिलो, आणि तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वाढायला बरा चालतो, खायला नाही.” रात्री माय रडली. हे मी गोड करून सांगणार नाही.

मंडळीतले काही जण अजूनही म्हणतात की तुझ्या नावाने मूर्तीपुढे नैवेद्य गेलाच ना. त्यांचं म्हणणं मला समजतं. पण प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र मी याच प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा वाचलंय. आठवा अध्याय आणि दहावा. करिंथमध्ये बाजारात मिळणारं मांस पुष्कळदा देवळातून आलेलं असायचं. पौल सांगतो, बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. तो सरसकट एक नियम ठोकत नाही, पुढच्या माणसाकडे बघायला लावतो. आमच्याकडे प्रसादाचा प्रश्न रोज येतो. गिऱ्हाईक कुठूनतरी आलेलं असतं, पेढा हातावर ठेवतं. नवीन असताना प्रत्येक पेढ्याला परीक्षा समजून घाम फुटतो. आता मी साधं सांगतो, “मी घेत नाही, पण तुमचा नवस फिटला याचा आनंद आहे,” आणि चहा मागवतो. ज्याचं बोरवेल लागलंय त्याला चहा चालतो.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता. सारंगखेड्याला दत्तजयंतीची मोठी यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. वडील लहानपणापासून एकमुखी दत्ताच्या दर्शनाला जातात. हल्ली गुडघे गेलेत, आधाराशिवाय चालवत नाही. मी त्यांना न्यायचं की नाही? यावर जुन्या करारातली नामानाची गोष्ट मला आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दाखवली. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर नर्सगिरी केली; सगळे त्यांना नर्सबाईच म्हणतात. नामान हा अरामाचा सेनापती. कोड बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की यापुढे मी परमेश्वराशिवाय कोणाला मानणार नाही. पण माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा त्याच्यावर डाफरत नाही. शांतीने जा, म्हणतो. नर्सबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बापाला घेऊन जा. तो तुझ्या हातावर टेकलाय, देव बघतोय.” तेव्हापासून यात्रेत गर्दीतून जाताना वडिलांचा हात माझ्या कोपराला घट्ट धरलेला असतो. ते दर्शन घेतात, मी चपला सांभाळतो. मग आम्ही दोघं घोडे बघतो.

या नर्सबाईंबद्दल आणखी लिहिलं पाहिजे. नंदुरबार-नवापूर भागात स्कँडिनेव्हियातून आलेल्या मिशनऱ्यांचं काम गेल्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं. तिथल्या भिल्ल-मावची घरांत ख्रिस्ती असणं तीन-चार पिढ्यांचं, अगदी अंगवळणी पडलेलं. माझ्यासारखा दुसऱ्या समाजातला, नव्याने आलेला माणूस त्यांच्यात बसतो तेव्हा ते प्रेमाने जागा देतात, पण हुरळून जात नाहीत. त्यांनी जोशात येणारे पुष्कळ पाहिलेत, आणि तितकेच परत गेलेलेही. नर्सबाईंनी मला पहिल्यांदा विचारलं ते, ‘किती जणांना सुवार्ता सांगितली?’ असं नव्हे. “दुकानात उधारीची वही आहे ना? ती कशी लिहितोस?” असं विचारलं.

वाचनही त्यांनीच लावून दिलं. बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारा नवखा नियमांनी भरलेल्या लेवीयात अडकतो, म्हणून मार्कापासून. सोळाच अध्याय, आणि गोष्ट पळते. सोबत रोज एक स्तोत्र, मोठ्याने. प्रार्थना लांबवायची नाही. रविवार चुकवायचा नाही, प्रवचन कंटाळवाणं असलं तरी. (असतं. आमचे पाळक भले माणूस आहेत, पण घड्याळ बघत नाहीत.) आणि जे वाचलं त्यातलं एक तरी त्या दिवशी काउंटरवर आणायचं.

काउंटरवर आणणं म्हणजे काय, तर लिंकिंग. शेतकऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. युरियाची 45 किलोची गोणी सरकारी भावाने 266 रुपये 50 पैशांना विकायची असते. हंगामात टंचाई पडली की वरून माल येतो तो जोडीला काहीतरी घेऊनच: नॅनो युरियाची बाटली, एखादं टॉनिक, न खपणारं दुय्यम खत. दुकानदार ते पुढे शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो. युरिया पाहिजे ना, मग हेही घ्या. डोंगरावरच्या प्रवचनात एक ओळ आहे, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या. मला त्या ओळीचा अर्थ लिंकिंगशी येऊन भिडला. मी वरून आलेलं घेतो, घ्यावंच लागतं. पण पुढे बांधून देत नाही. ज्याला हवं त्याला बाटली, नको त्याला नुसती गोणी. बाटल्या मागे मांडणीवर धूळ खातात आणि हंगामाच्या शेवटी तोटा माझ्या नावावर लागतो. दुकान बुडेल एवढा तो नसतो, पण बायकोने हिशोब विचारावा एवढा असतो.

मी याबद्दल कधी पाटी लावली नाही. तरी गेल्या खरिपात एक म्हातारा शेतकरी गोणी खांद्यावर घेता घेता थांबला आणि म्हणाला, “बाकीना दुकानवाला बाटली गयामा मारतस, तू काबर नही?” त्या क्षणी मला पेत्राच्या पत्रातलं वाक्य आठवलं. तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. म्हणजे आधी कोणीतरी विचारायला हवं. मी सांगितलं, दोन मिनिटांत, गोणी त्याच्या खांद्यावर असतानाच. त्याने ऐकलं, “बरं शे” म्हणाला आणि गेला. पुढे काही झालं नाही. व्हायलाच पाहिजे असंही नाही. सरकी टोचून आल्यावर रोज ओंजळभर माती उकरून कोंब फुटला का ते बघणाऱ्याचं पीक येत नाही, हे मी ज्यांना बियाणं विकतो त्या सगळ्यांना ठाऊक आहे. येशूनेही मार्काच्या चौथ्या अध्यायात हेच सांगितलंय: माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही.

अर्थात विचारणारे सगळे असे नसतात. “किती भेटनात?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला, म्हणजे पैसे किती मिळाले. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही नाहीत, 0.96 टक्के. आमच्या गावातल्या बहुतेकांनी जवळून पाहिलेला पहिला ख्रिस्ती मीच. त्यांच्या डोक्यात जे आहे ते बातम्यांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं. त्यावर चिडून उपयोग नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या काही उत्साही मंडळींनी दुसऱ्यांच्या देवांची टिंगल करून, आजाऱ्याला ‘गोळ्या बंद कर’ सांगून त्या संशयाला खतपाणीच घातलंय. असल्या प्रचाराला मी सुवार्ता म्हणत नाही, मग तो कितीही मोठ्या आवाजात होवो.

कायद्याचं एक सांगून ठेवतो, कारण नवा विश्वासी एकतर फार घाबरतो नाहीतर अजिबात घाबरत नाही. घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धक्का न लावता. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आमच्यात या निकालावर नाराजी आहे. माझी फारशी नाही. न्यायालयाची कारणं वेगळी असतील, पण पौलही जवळपास तिथेच येतो: मी लावलं, माझ्या सोबत्याने, अपुल्लोसाने, पाणी घातलं, वाढवलं देवाने. सांगणं माझं काम. वळवणं माझ्या हातात कायद्यानेही नाही आणि शास्त्रानेही नाही. हे एकदा पटलं की माणूस मोकळा होतो. समोरच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघणं थांबतं.

घरात काय झालं, असं लोक विचारतात. माय अजून कानबाई बसवते आणि माझी मूठ मोजते. तिचं दुखणं आलं की मला म्हणते, तुझ्या देवाला सांग. मी सांगतो, तिच्यासमोरच, मराठीत सुरू करून अहिराणीत शिरतो. बायको माझ्यासोबत मंडळीत येते, पण बाप्तिस्म्याचं तिने ठरवलेलं नाही. मी लक्ष्मीबाईंची पाच वर्षं आठवतो आणि गप्प बसतो.

आणि तात्या. पंगतीत टोमणा मारणारे तेच. मागच्या हिवाळ्यात दुकानात बसले असताना काउंटरखालचं मार्काचं सुटं पुस्तक त्यांनी स्वतःच काढलं, काही न सांगता खिशात घातलं आणि घेऊन गेले. मी विचारलं नाही. महिन्याभराने आले ते तावातावाने. गरसेकरांच्या गोष्टीत भुतं डुकरांत शिरतात आणि दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात जातात. तात्यांनी पुस्तक काउंटरवर आपटलं. “त्या डुक्करवालानं नुसकान कोनी भरी दिधं?” दोन हजार जनावरं म्हणजे काय चेष्टा आहे? गावाने त्याला निघून जा म्हटलं ते बरोबरच म्हटलं. मी म्हटलं, एका माणसाची किंमत दोन हजार डुकरांपेक्षा जास्त धरली त्याने. “धरी, पन दुसराना खिशामाईन,” तात्या म्हणाले. दुकानातले तिघे-चौघे हसले, मीही हसलो, आणि त्या दिवशी खताची विक्री बाजूला राहून तासभर डुकरांच्या नुकसानभरपाईवर चर्चा झाली.

सध्या ते अकराव्या अध्यायात अडकलेत. येशू अंजिराच्या झाडापाशी जातो, फळ मिळत नाही, झाडाला शाप देतो, आणि मार्क स्वतःच लिहितो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. हंगाम नव्हता तर झाडाचा काय दोष, हे तात्यांचं म्हणणं, आणि पपईची बाग असलेल्या माणसाला त्यावर पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नर्सबाईंना विचारून सांगतो म्हटलं.

“इचार,” तात्या गाडीला किक मारत म्हणाले, “आनि युरिया उना की फोन करजो.”